वाफेचं मशीन आणि माळ्यावरचा वॉकर

आजचा भाग इस्रायलवर आहे, पण त्याची सुरुवात आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर होते. तेव्हा जरा धीर धरा.

दोन वर्षांपूर्वी आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि घरी आणायच्या आदल्या दिवशी माझ्या हातात एक यादी आली. वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड. मी काय केलं? फोन काढला आणि वीस मिनिटांत सगळं ऑर्डर करून टाकलं. बारा हजारांच्या आसपास गेले. आजी जिद्दीची, चार महिन्यांत काठीवर आली. आता ती खाली जाऊन भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि ते सगळं सामान माळ्यावर पडून आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येतं, आई फडक्याने पुसते, "टाकू नको रे, कुणाला तरी लागेल," असं म्हणते, आणि ते परत वर जातं.

यंदा ते वर चढवताना माझ्या डोक्यात आलं, हा "कुणीतरी" म्हणजे नक्की कोण? बहुधा आमच्याच सोसायटीत असेल. त्यानेही वीस मिनिटांत बारा हजार घातले असतील. आणि त्याच्याही माळ्यावर आता एक वॉकर असेल. हे कोडं कुणी नीट सोडवलंय का, ते शोधायला रात्री बसलो. एका टॅबचे तीस टॅब झाले आणि मी जेरुसलेमला पोचलो, १९७६ सालात.

एक गोष्ट आधीच बोलून घेतो. इस्रायल म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं ते मला माहीत आहे. माझ्याही येतं. व्हीलचेअर आणि कृत्रिम पाय यांच्याबद्दल वाचत असताना गाझातली मुलं आठवली नाहीत असं झालं नाही. आजचा भाग युद्धावर नाही, पण तो विषय बाजूला ठेवलाय म्हणजे विसरलोय असं समजू नका.

तर, जेरुसलेम. वाळवंटाजवळचं शहर म्हणून आपण तिथे उकाडाच असेल असं धरून चालतो. पण ते डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे-आठशे मीटर उंच. हिवाळ्यात पाऊस, बोचरा वारा, एखाद्या वर्षी बर्फसुद्धा. घरं दगडी, थंडी भिंतीत मुरते. अशा हिवाळ्यात लहान मुलांची छाती भरते आणि डॉक्टर सांगतात, खोलीत वाफेचं मशीन लावा.

उरी लुपोलियान्स्की हा तेव्हा पंचविशीतला शिक्षक. हायफाला जन्मलेला, कट्टर धार्मिक ज्यू समाजातला. त्या समाजाला तिथे हरेदी म्हणतात. काळा कोट, काळी टोपी, घरात भरपूर मुलं. संस्था जी गोष्ट सांगते ती अशी. त्याच्या घरात मूल आजारी पडलं, वाफेचं मशीन शेजाऱ्याकडून उसनं आणलं. मग त्याच्या लक्षात आलं की हे मशीन प्रत्येक घराला वर्षातून काही दिवसच लागतं, पण लागतं तेव्हा रात्री दोन वाजता लागतं. त्याने काही मशीन्स विकत घेतली आणि ज्याला हवं त्याला घरातून उसनी द्यायला सुरुवात केली. लोकांनी मशीन परत आणलं, आणि येताना स्वतःच्या घरात पडलेल्या कुबड्या, व्हीलचेअर, चाकाच्या खुर्च्याही आणल्या. म्हणजे बघा, जेरुसलेममध्येही माळे होते.

वडिलांनी थोडे पैसे दिले आणि संस्था उभी राहिली. तिला नाव दिलं आजीचं. ही आजी, सारा, नाझींच्या नरसंहारात मारली गेली होती. संस्थेचं नाव "याद सारा". हिब्रूत "याद" म्हणजे हात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ स्मारक. जेरुसलेममधलं नरसंहाराचं राष्ट्रीय स्मारक "याद वाशेम" या नावात तोच शब्द आहे. आपल्या कानाला तर तो सरळ "आठवण" असाच ऐकू येतो. दोन्ही भाषांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.

आता उसनं देणं ही काही लुपोलियान्स्कीची कल्पना नव्हती. ज्यू समाजात त्याला शेकडो वर्षांचा शब्द आहे, "गमाख". "गेमिलुत खसादीम", म्हणजे मायेने केलेली मदत, या दोन शब्दांचं ते संक्षिप्त रूप. मूळ गमाख म्हणजे बिनव्याजी उसने पैसे देणारा फंड. पुढे काहीही उसनं मिळायला लागलं. लग्नाचा पोशाख, पाहुण्यांसाठी खुर्च्या, रात्री-अपरात्री लागणारी औषधं, अगदी बाळाची चोखणीसुद्धा. जेरुसलेमच्या धार्मिक वस्त्यांमध्ये अमक्या घरात अमुक गोष्टीचा गमाख आहे, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

तालमूद या त्यांच्या ग्रंथात एक चर्चा आहे, की दान मोठं की ही मायेची मदत? उत्तर येतं, मदत मोठी. कारणं तीन. दान फक्त पैशाने होतं, मदत अंगमेहनतीनेही होते. दान जिवंत माणसालाच, मदत मेलेल्यालाही, म्हणजे त्याच्या अंत्यविधीला उभं राहणं वगैरे. आणि तिसरं, माझ्या मते खरं महत्त्वाचं: दान फक्त गरिबाला करता येतं, मदत गरीब आणि श्रीमंत दोघांनाही.

यावर मी जरा थांबलो. कारण आपल्याकडे "मोफत व्हीलचेअर" म्हटलं की लगेच बॅनर, फोटो, हार आणि समोर हात जोडून बसलेला एक माणूस. घेणारा लहान झाल्याशिवाय देणारा मोठा होत नाही. पण गावाकडे लग्नाची मोठी पातेली, परात, सतरंज्या देवळात किंवा मंडळाकडे असतात, त्या आणताना कुणाला लाज वाटते का? पाटलाच्या घरचं लग्न असो की त्याच्या गड्याच्या, पातेलं तेच. नोंद वहीत होते, एखादा डाव हरवला तर भरून द्यावा लागतो, संपलं. याद साराचा पाया हा असा आहे. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. तुमचा पाय मोडलाय ना? मग ही घ्या व्हीलचेअर.

पद्धत साधी आहे. वस्तूप्रमाणे ठरलेली अनामत रक्कम भरायची, साधारण तीन महिन्यांपर्यंत वस्तू वापरायची, परत केली की अनामत परत. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, हॉस्पिटलचा पलंग, ऑक्सिजनचं मशीन, बाळंतिणीसाठी दूध काढायचा पंप. आता देशभरात शंभराहून जास्त शाखा आणि सहा हजारांच्या वर स्वयंसेवक आहेत. पगारी माणसं त्या मानाने थोडी. मुख्य इमारत जेरुसलेमच्या हर्झल बुलेव्हार्डवर आहे. १९९४मध्ये संस्थेला इस्रायल पुरस्कार मिळाला, तो तिथल्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक.

माझ्यातला इंजिनिअर इथे उड्या मारायला लागला. आमच्या कामात डेटाबेसची कनेक्शन्स प्रत्येकाला वेगळी उघडून देत नाहीत. थोडीच उघडी ठेवायची, काम झालं की परत पूलमध्ये टाकायची, पुढच्याने तीच वापरायची. एका वॉकरने वर्षात चार आज्या उभ्या करायच्या, असा हिशोब. पण ज्याने पूल लिहिलाय त्याला विचारा खरी डोकेदुखी कशाची असते. देण्याची नसते. परत न येण्याची असते, आणि परत आलेली वस्तू बिघडलेली असण्याची. अनामत रक्कम पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे दुरुस्तीचं वर्कशॉप. तिथे रिटायर झालेले लोक व्हीलचेअरची चाकं, ब्रेक, बेअरिंग दुरुस्त करत बसलेले असतात. आयुष्यभर कारखान्यात हात काळे केलेल्या माणसाला साठीनंतर घरी बसवलं तर तो रिमोट दुरुस्त करून करून बिघडवतो. आमच्या काकांचं बघितलंय मी. इथे त्याच्या हाताला खरं काम आहे.

उसन्या वस्तूंवरून संस्था पुढे सेवांकडे गेली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात किंवा मनगटावर एक बटण. पडलात तर दाबा, दुसऱ्या टोकाला चोवीस तास माणूस. व्हीलचेअर चढेल अशा गाड्या. घरातून बाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी दातांचा डॉक्टर. वृद्धांना कायद्याचा सल्ला. विशेष मुलांसाठी खेळघर.

आणि एक लाँड्री. या लाँड्रीबद्दल कुणी भाषण करत नाही, पण मला विचाराल तर संस्थेचं सगळं शहाणपण तिच्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या, लघवी-शौचावर ताबा न राहिलेल्या वृद्धांच्या चादरी आणि कपडे धुवायची सोय. आजीच्या पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या घरात काय चाललं होतं ते मला आठवतं. औषधांचं वेळापत्रक मी स्प्रेडशीटमध्ये केलं होतं, फार अभिमान होता मला त्याचा. चादरी आई धूत होती. रोज, कधी दिवसातून दोनदा. घरातला माणूस वृद्धाश्रमात पाठवायची वेळ बऱ्याचदा प्रेम संपल्यामुळे येत नाही. धुणारे हात थकल्यामुळे येते. हे ज्याला कळलं त्याने लाँड्री काढली.

आता प्रश्न असा, की हे सरकारने का नाही केलं? इस्रायल म्हणजे कर घेणारं, आरोग्यविमा असलेलं, समाजवादी वळणाच्या नेत्यांनी उभं केलेलं राज्य. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९४८मध्ये राज्य स्थापन झालं तेव्हा तिथे साधारण साडेसहा लाख ज्यू होते. १९५१ संपेपर्यंत जवळपास तितकेच आणखी येऊन दाखल झाले. युरोपातल्या छावण्यांतून वाचलेले, इराक, येमेन, मोरोक्कोमधून निघालेले. (याच काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक निर्वासित झाले, आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या घरांत यातले काही नवे लोक राहायला गेले. ही एकाच इतिहासाची दुसरी बाजू आहे.) आलेल्यांमध्ये म्हातारे, क्षयरोगी, अपंग खूप होते, कारण दुसरे देश धडधाकट माणसं निवडून घेत होते. राहायला तंबू, खायला रेशन. अशा अवस्थेत १९४९मध्ये अमेरिकन ज्यूंच्या "जॉइंट" या मदतसंस्थेने "मालबेन" नावाची यंत्रणा सुरू केली, फक्त म्हातारे, आजारी आणि अपंग स्थलांतरितांसाठी. ब्रिटिश सैन्याच्या सोडलेल्या छावण्यांत हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रम निघाले. म्हणजे पहिल्या दिवसापासून राज्य आणि संस्था यांची सरमिसळच होती. सरकारला पुरत नव्हतं तिथे कुणीतरी दुसरं उभं होतं, आणि कुणीतरी उभं आहे म्हटल्यावर सरकारलाही घाई नव्हती.

त्यातच पोलिओ आला. १९५०मध्ये सोळाशेहून जास्त रुग्ण, तेही तेरा-चौदा लाखांच्या देशात. लस यायला अजून काही वर्षं होती. १९५२मध्ये "इलान" ही संस्था सुरू झाली, त्यामागे बेटी ड्युबिनर ही बाई होती. पैसे गोळा करायला बायका दारोदार फिरल्या. मुलं जगली, पण पाय गेले. त्यांनी पुढे करायचं काय? इलानने रामत गानमध्ये त्यांच्यासाठी खास क्रीडाकेंद्र बांधलं. १९६०च्या सुमाराला ते सुरू झालं.

आता कान टवकारा. १९६८चं पॅरालिम्पिक खरं तर ऑलिंपिकबरोबर मेक्सिकोत व्हायचं होतं. मेक्सिकोने नकार दिला, इस्रायल म्हणालं आमच्याकडे करा. बहुतेक स्पर्धा त्याच रामत गानच्या केंद्रात झाल्या. यजमान देश पदकतालिकेत तिसरा आला, आणि त्याच्या खेळाडूंमध्ये कितीतरी जण १९५०च्या साथीतून वाचलेली मुलं होती. त्या स्पर्धेत भारताचा संघ पहिल्यांदाच पॅरालिम्पिकला गेला होता. टेबल टेनिसला एक मराठी जवान होता, १९६५च्या युद्धात गोळ्या खाल्लेला, सांगली जिल्ह्यातला. मुरलीकांत पेटकर. हो, तेच, "चंदू चॅम्पियन". चार वर्षांनी जर्मनीत हायडलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. सिनेमा तुम्ही पाहिला असेल. पण ते खेळायला गेले ते केंद्र कुणा क्रीडामंत्र्याने बांधलेलं नव्हतं. आजारी मुलांसाठी दारोदार फिरलेल्या बायकांच्या संस्थेचं होतं.

जेरुसलेममध्येच १९६२ साली मिरियम मेंडिलो नावाच्या शिक्षिकेने आणखी एक गोष्ट केली. रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांची शाळेतली मुलं टिंगल करतात हे तिला बघवेना. तिने मूल्यशिक्षणाचा तास घेतला नाही. थोड्या म्हाताऱ्या मंडळींना गोळा करून पुस्तकं बांधायला शिकवलं, आणि शाळेतली फाटकी पाठ्यपुस्तकं त्यांच्याकडे दुरुस्तीला दिली. मुलाच्या हातातलं इतिहासाचं पुस्तक ज्याने शिवलंय तोच म्हातारा समोरून चाललाय, मग टिंगल कशी करणार? ही संस्था, "याद लाकाशीश", आजही आहे. तिथले वृद्ध हस्तकलेच्या वस्तू बनवतात आणि त्याचं मानधन घेतात. इथेही तेच, दान नाही.

सरकार मात्र सावकाश चाललं होतं. घरी राहणाऱ्या परावलंबी वृद्धांना सेवा देण्याचा विमा कायदा १९८०मध्ये मंजूर झाला, आणि त्याचे लाभ मिळायला १९८८ उजाडलं. मधली आठ वर्षं म्हाताऱ्यांनी काय करायचं होतं? अपंगांच्या समान हक्कांचा कायदा आला १९९८मध्ये. याद सारा वाढली ती याच फटीत. आणि काम दिसत होतं, मोजता येत होतं. पलंग घरी मिळाला की रुग्ण हॉस्पिटलमधून लवकर घरी जातो, तिथली खाट रिकामी होते, सरकारचे पैसे वाचतात. संस्था स्वतः हा मुद्दा कायम मांडत आली आहे. इस्रायली अरब नागरिकही इथून साहित्य नेतात. आणि कोकणातल्या अलिबाग, पेण भागातून गेलेले आपले बेने इस्रायली, "शनवार तेली", त्यांचीही आता तिथे तिसरी पिढी आहे. त्या काउंटरवर कधीतरी "अहो, जरा चाक बघा हो याचं" असं मराठीतही ऐकू आलं असेल, असं मला उगाच वाटतं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. हा भाग मी इथे संपवू शकलो असतो, आणि खरं सांगतो, पहिला ड्राफ्ट इथेच संपला होता. मग एकतिसावा टॅब उघडला.

लुपोलियान्स्की शहराच्या राजकारणात गेला. नगरसेवक, उपमहापौर, शहराच्या नियोजन समितीचा प्रमुख, आणि २००३मध्ये जेरुसलेमचा महापौर. या पदावर बसलेला पहिला हरेदी माणूस. २००८पर्यंत तो महापौर होता. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला एका टेकडीवर "हॉलीलँड" नावाचा इमारतींचा प्रकल्प उभा आहे. उंचच उंच टॉवर. आजूबाजूच्या बुटक्या दगडी शहरात ते असे खुपतात, की फोटोत बघूनही प्रश्न पडतो, याला परवानगी दिली कुणी?

२०१०मध्ये तो प्रश्न पोलिसांनी विचारला. ३१ मार्च २०१४ रोजी तेल अवीवच्या न्यायालयाने निकाल दिला. माजी पंतप्रधान एहुद ओल्मर्टसह बरेच जण दोषी ठरले, त्यात लुपोलियान्स्कीही. त्याच्यावरचा ठपका वेगळाच होता. पैसे त्याच्या स्वतःच्या खिशात गेले नव्हते. प्रकल्पाच्या लोकांनी याद साराला देणग्या दिल्या होत्या, लाखो शेकेलच्या, आणि न्यायालय म्हणालं की या देणग्या म्हणजे लाच आहे. पुढे सहा वर्षांची कैद सुनावली गेली. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण त्याच्या गंभीर आजारपणामुळे कैदेऐवजी सहा महिन्यांची समाजसेवा दिली. समाजसेवेची शिक्षा, या माणसाला. लेखकाने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

हे मी जेवताना घरी सांगितलं. बाबा बँकेत होते, नियमाचे पक्के. ते पटकन म्हणाले, "अरे पण त्याने घेतले कुठे? पंगू लोकांसाठीच गेले ना?" मला धक्का बसला, कारण माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. आपण तसेच वाढलोय. गणपतीच्या वर्गणीत बिल्डरने मोठा आकडा टाकला की आपण पावती फाडतो, पुढच्या वर्षी मैदानाच्या कोपऱ्यावर त्याची भिंत येते, आणि आपण म्हणतो, जाऊ दे, मंडळाला देतो बिचारा.

मी बराच विचार केला. बाबांना त्या रात्री नीट उत्तर देता आलं नाही, आता देतो. उसनं देण्याच्या धंद्यात एकच नियम असतो, की वस्तू सगळ्यांची आहे आणि ती तशीच परत आली पाहिजे. व्हीलचेअरच्या बाबतीत लुपोलियान्स्कीने तो नियम चाळीस वर्षं अख्ख्या देशाला शिकवला. टेकडी पण सगळ्यांचीच होती. शहराचं आकाश, रस्ते, नियोजन समितीतली ती खुर्ची, हे सगळं त्याच्याकडे उसनंच होतं. आणि ते परत येणारं नव्हतं. तिथे टॉवर उभे राहिले, आता कुठल्या काउंटरवर जाऊन कोण काय परत करणार?

दुसरी बाजूही आहे, ती न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. शंभर शाखांच्या संस्थेला सतत पैसा लागतो. सरकार जे करत नाही ते करायचं, तर देणगीदाराचा चेहरा किती निरखून बघायचा? ऑक्सिजनचं मशीन लागणारी बाई चेकवर कुणाची सही आहे ते विचारत नाही. आणि खटला चालू असतानाही त्या सहा हजार स्वयंसेवकांतला कुणीतरी सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन चाकात हवा भरत होताच. त्याने काय चूक केली होती? संस्था त्या निकालातून तरली, शाखा चालू राहिल्या, आजही आहेत. आपण संस्थेला एका माणसाचा चेहरा देतो, मग तो चेहरा डागाळला की सगळंच खोटं म्हणून मोकळे होतो. किंवा उलटं, काम चांगलं म्हणून चेहरा धुऊन देतो. मला दोन्ही पटत नाही, आणि दोन्हींच्या मधली जागा फार अडचणीची आहे.

असो. आपल्याकडेही हे उसनं देण्याचं काम चालतं, हे मला इतकं वाचून झाल्यावर कळलं, याची थोडी लाज वाटली. "रुग्णोपयोगी साहित्य केंद्र" असं शोधून बघा; बऱ्याच शहरांत अशा पाट्या सापडतील. ज्येष्ठ नागरिक संघ, एखादं मंडळ, एखाद्या रिटायर मास्तरांची गॅलरी. अनामत भरा, न्या, परत आणा. आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर एक निघालं. आजी पडली तेव्हाही ते तिथेच होतं.

मागच्या रविवारी माळ्यावरून सगळं काढलं. वॉकरच्या एका पायाचं रबरी बूच गायब होतं; फोनवरच्या काकांनी आधीच बजावलं होतं, "चारही बुचं बघून आणा, एक नसेल तर माणूस पडतो." कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे तसं बूच मिळालं. निघताना काकांचा परत फोन आला, वहीत लिहायला नाव हवं होतं. "कुणाच्या स्मरणार्थ लिहू?"

फोन स्पीकरवर होता. आजी सोफ्यावरून ओरडली, "स्मरणार्थ? मी मेले की काय?" काका गडबडले, मी गडबडलो, आई हसत हसत खाली बसली. मग आजीने वस्तूंकडे एकदा नीट बघितलं, एअर बेड आणि कमोडची खुर्ची घेऊन जायला सांगितलं, आणि वॉकरवर काठी आडवी ठेवली. "हा राहू दे अजून."

मी म्हटलं, "अगं, लागला तर उसना आणू की."

"तेव्हाचं तेव्हा बघू," आजी म्हणाली. वॉकर माळ्यावर आहे, नव्या बुचासकट.